तात्याच्या कोपरातलं भोक

पहिल्या दिवशी या वस्तूला मी एक तारा दिला होता. आज तो खोडून चार देतोय. पाचवा का नाही तेही सांगतो, पण मधल्या चार महिन्यांत काय काय झालं ते आधी सांगावं लागेल. नाहीतर म्हणाल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

वस्तू म्हणजे माणसाचा प्लास्टिकचा सांगाडा. पूर्ण उंचीचा, १७० सेंमी, चाकांच्या स्टँडवर उभा. घरपोच पावणेनऊ हजारांना पडला. घेणारा मी, ३१ वर्षं गुरांचा डॉक्टर. साक्री, शिरपूर, चोपडा असे दवाखाने करत करत आता अमळनेरला घरी बसलोय. वापरणारी माझी पुतणी. धुळ्याला बीएएमएसच्या पहिल्या वर्षाला आहे, शनिवार-रविवार आमच्याकडे येते. पहिल्या वर्षाला रचना शारीर नावाचा, म्हणजे शरीररचनेचा, विषय असतो आणि तो पोरांचा घाम काढतो.

खरं तर तिला एका सीनियरकडून खऱ्या हाडांचा सेट मिळत होता. गोणीत भरलेली, पिवळी पडलेली हाडं, प्रत्येकावर पाच-सहा बॅचच्या पोरांनी पेन्सिलीनं केलेल्या खुणा. शिकायला त्यासारखं दुसरं काही नाही. पण आमच्या घरी त्याला मंजुरी मिळाली नाही. बायको एका वाक्यात मोकळी झाली : "खरा माणूसना हाडं मना घरमा नको." देवघर आणि माडीची खोली यांच्यात एक जिना, त्यामुळे मीही फार ताणलं नाही. एके काळी कलकत्त्याहून माणसांची हाडं पेट्या भरभरून परदेशी कॉलेजांत जायची. १९८५ साली सरकारनं ती निर्यात बंद केली आणि बाहेरच्यांनाही प्लास्टिककडे वळावं लागलं. आमच्या घरात तेच व्हायला इतकी वर्षं लागली, एवढंच.

खोकं आलं तीन फुटी. आणणारा पोरगा जिन्यात थांबून म्हणाला, "साहेब, यामा काय शे? भलतं जड शे." मी म्हटलं, माणूस शे. त्यानं सही घेतली आणि पाणी न पिताच गेला.

जोडायला वेळ लागत नाही. कवटी तीन भागांत उघडते, जबड्याला स्प्रिंगा आहेत, हातपाय खिट्टीवर अडकवायचे आणि स्टँडची दांडी खालून माकडहाडाच्या वरच्या भागात घुसवायची. अर्ध्या तासात गडी उभा राहिला. पुतणीनं नाव ठेवलं तात्या. उभा असतो, बोलत नाही, आणि आपण खोलीत शिरलो की आपल्याकडेच बघत असतो म्हणून. स्टँडची चाकं मात्र शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतात. टाइल्सवाल्यांना हा त्रास होणार नाही.

आता तक्रारी. खोक्यावर '२०६ हाडे' असं छापलंय. मी मोजली. माझा स्वभावच तसा आहे, बाजारातनं कोंबडीची पिल्लं आणली तरी दोनदा मोजतो. दोन्ही कानांतली मिळून सहा बारकी हाडं नाहीत, आणि जिभेखालचं, नालासारखं दिसणारं हाड नाही. राहिली १९९. कानातली सोडून देऊ, तांदळाच्या कणीएवढी असतात ती. पण जिभेखालचं हवं होतं. आमच्या गाई-म्हशींत ते हाड बारक्या हाडांच्या साखळीनं कवटीला टांगलेलं असतं. माणसात ते एकटंच, दुसऱ्या कुठल्या हाडाला न टेकता नुसतं स्नायू आणि बंधांवर तोललेलं असतं. हा फरक मला पोरीला दाखवायचा होता.

पाऊल ही दुसरी तक्रार, आणि खरी तक्रार हीच. घोट्यापासून बोटांपर्यंतचा सगळा जुडगा एकाच तारेत ओवून वर गोंद मारलाय. हाडं सुटी होत नाहीत, त्यामुळे एकमेकांवर टेकणारे त्यांचे पृष्ठभाग दिसतच नाहीत. तोंडी परीक्षेत पुतणीच्या हातात नेमकं घोट्याचं हाड पडलं. विचारलं, डावं की उजवं? तात्यानं त्या दिवशी काहीच मदत केली नाही. तळहाताचंही तेच, मनगटातली आठ हाडं म्हणजे खडीसाखरेचा एक खडा.

तिसरी गंमत पुतणीनं पकडली. उजवी पहिली बरगडी उलटी बसवलेली होती. पहिल्या बरगडीच्या वरच्या अंगाला दोन उथळ खाचा असतात, एक शिरेची, एक धमनीची, आणि मध्ये बारीक उंचवटा. तात्याच्या उजव्या बाजूला त्या खाचा खाली फुप्फुसाकडे तोंड करून होत्या. म्हणजे हाताला जाणारं रक्त त्यानं आणायचं कुठून? बरगडी नुसती खाचेत अडकवलेली होती. आम्ही काढून सुलटी बसवली, पाच मिनिटांचं काम.

आणि मग भोक.

डाव्या दंडाचं हाड मी हातात घेऊन फिरवत होतो. कोपराच्या जरा वर पुढून एक खळगा असतो, मागून एक, आणि दोन्हींच्या मध्ये पापडासारखा पातळ पडदा. तात्याच्या डाव्या हाताला तिथं पडदाच नाही. आरपार भोक, तुरीचा दाणा जाईल एवढं. कडा मात्र गुळगुळीत. उजवा हात बघितला, तिथं भोक नाही.

आता माझी बाजू ऐका. कुत्र्याच्या दंडाच्या हाडाला बरोबर याच जागी भोक असतं आणि ते असायलाच हवं. कुत्रा पाय सरळ करतो तेव्हा मागच्या हाडाचं टोक त्या भोकात शिरून बसतं. मोटारसायकलखाली सापडलेली किती कुत्री मी या हातांनी जोडली, हे भोक मला झोपेतही सापडेल. माणसाचं हाड मात्र मी आयुष्यात कधी हातात घेतलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यानं सरळ हिशेब मांडला की कारखान्यात कुत्र्याच्या सांगाड्याचा साचा माणसाच्या साच्यात मिसळला. रात्री साडेदहाला एक तारा देऊन मी लिहिलं, 'सांगाड्याचा डावा हात कुत्र्याचा आहे. पैसे परत करा.'

हसा. पुतणी अजून हसते.

विक्रेत्याकडून दुसऱ्या दिवशी निरोप आला, फोटो पाठवा. मी चार बाजूंनी फोटो काढून पाठवले. उत्तर आलं, 'आपल्या वस्तूत दोष असल्याचे मान्य आहे, बदलून देऊ.' एवढ्या लवकर मान्य केलं, तिथंच मला शंका यायला हवी होती. बदलीचा माणूस शनिवारी येणार असं ठरलं. शुक्रवारी पुतणीनं तेच फोटो कॉलेजात रचना शारीरच्या मॅडमना दाखवले. मॅडमनी मोबाईल आडवा केला, फोटो मोठा केला आणि म्हणाल्या, "परत करू नकोस. काकांना सांग, वस्तू चांगली लागलीय."

त्यांनी विभागातल्या पेटीतून दंडाची तीन खरी हाडं काढून तिच्यासमोर ठेवली. तिन्हींना तसंच भोक. याला सुप्राट्रॉक्लिअर फोरॅमेन म्हणतात. बहुतेक माणसांत तिथं पातळ पडदा असतो, काहींत तो पुरता नाहीसा होतो. डाव्या हाताला जास्त आढळतं आणि बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. दुखत नाही, खुपत नाही. ज्याच्या हाताला आहे त्याला जन्मभर पत्ता लागत नाही. एक्स-रेत दिसलं तर नवख्या डॉक्टरला हाड पोखरल्यासारखं वाटू शकतं, म्हणून ते ठाऊक असावं लागतं.

शनिवारी बदलीचा माणूस दारात उभा आणि मी त्याला चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवला. विक्रेत्याकडून निरोप आला, 'आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.' बरं.

त्या रात्री मला गेलन आठवला. आमच्या शिक्षणात शरीररचनेच्या पहिल्या तासाला त्याचं नाव यायचं. रोमन काळातला हा वैद्य. माणसाची प्रेतं फाडायची सोय नव्हती म्हणून त्यानं माकडं, डुकरं, बैल फाडले आणि तिथं दिसलं ते माणसाच्या नावावर टाकलं. शेळ्या-मेंढ्यांच्या आणि बैलाच्या मेंदूच्या बुडाशी बारीक रक्तवाहिन्यांची एक सुंदर जाळी असते. गेलननं ती माणसालाही देऊन टाकली. माणसाला ती नाहीच. तेराशे वर्षं फारसं कुणी हटकलं नाही. व्हेसॅलियसनं १५४३ साली आपला मोठा ग्रंथ काढून गेलनच्या अशा चुका दाखवल्या. त्याआधी मात्र, स्वतःच कबूल केल्याप्रमाणे, व्याख्यानात ती जाळी दाखवायला तो मेंढराचं किंवा बैलाचं डोकं जवळ ठेवायचा, कारण माणसात ती सापडत नव्हती आणि गेलन चुकला म्हणायची हिंमत होत नव्हती. गेलननं बैल माणसात घातला. मी माणसात कुत्रा शोधला आणि वर पैसे परत मागितले.

मग वाचायला बसलो. निवृत्त माणसाला दुसरं काम काय? याच कोपराजवळ भोकांचे दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. कुत्र्याचं भोक पडद्याच्या जागचं आहे, त्यातून काहीच जात नाही. मांजराला ते नसतं. मांजराचं भोक थोडं वर आणि आतल्या अंगाला असतं, हाडाचा एक छोटा पूलच तिथं, आणि त्याच्याखालून हाताची मुख्य धमनी आणि एक मोठा मज्जातंतू जातो. मांजराच्या पुढच्या पायाचं हाड तिथं मोडलं की हात लावताना म्हणूनच भीती वाटते. आता ऐका. शंभरात एखाद्या माणसाला मांजराच्या त्या पुलाच्या जागी हाडाचा काट्यासारखा टोकदार उंचवटा असतो. त्या टोकापासून खाली एक बंध गेला असेल तर त्याच्याखाली तोच मज्जातंतू दबू शकतो आणि हाताला मुंग्या येतात. स्कॉटलंडमध्ये स्ट्रदर्स नावाचा शरीररचनेचा प्राध्यापक होता, त्यानं याचा पिच्छा पुरवला. त्या बंधाला आजही त्याचंच नाव आहे. डार्विननं १८७१ साली माणसाच्या वंशावळीबद्दल लिहिताना दोन्ही भोकांची नोंद घेतली. आपल्यात कधीकधी डोकावणारी ही जुन्या नात्यांची खूण, असं त्याचं म्हणणं. या स्ट्रदर्सनं पुढे १८८४ साली एक अख्खा देवमासाही फाडला. माणसाच्या कोपरापासून देवमाशापर्यंत! असा मनुष्य आमच्या खात्यात असता तर मी त्याच्या हाताखाली बिनपगारी राहिलो असतो.

उलटी बरगडी आणि भोक या दोन गोष्टी घरातच शेजारी शेजारी मिळाल्या, ते फार बरं झालं. पुतणीला मी सांगितलं, एखादी विचित्र गोष्ट दिसली की विचार, शीर कुठून जाईल, धमनी कुठून जाईल, स्नायू कुठे धरेल? बरगडी उलटी असेल तर रक्ताला वाटच उरत नाही, म्हणजे ती बसवणाऱ्याची चूक. भोकाच्या कडा गुळगुळीत, कुणाच्याही वाटेत ते येत नाही, म्हणजे ते त्या माणसाचं स्वतःचं. हे शिकवायला मला तीस वर्षांत एवढा चांगला नमुना मिळाला नव्हता.

नमुना म्हणावा असा एकच आठवतो. साक्री तालुक्यात असताना एका ठेलारी मेंढपाळाचा बैल मेला. निंबाखाली शवविच्छेदन केलं. त्याला शंका होती की बैलानं चाऱ्यात तार गिळली असेल. मी हृदय चिरलं आणि बोटाला हाड लागलं. त्याच्याही बोटाला लागलं. तो ओरडलाच, "देखा! काळीजमा हाडूक!" त्याच्या मते निकाल लागला होता. मी समजावत राहिलो की बाबा रे, प्रत्येक बैलाच्या हृदयात हे हाड असतं. झडपा जिथं धरलेल्या असतात तिथलं ते, आणि तुझ्या दावणीतल्या दुसऱ्या बैलालाही आहे. त्याला पटलं नाही. माणसाच्या हृदयात असं हाड नसतं, म्हणून बैलाचं त्याला दुखणं वाटलं. तार पुढे जाळीच्या पोटात सापडलीच, ती गोष्ट वेगळी.

तात्यावरून जनावरं शिकवायचा नाद मला मग लागलाच. हासळी दाखवली आणि सांगितलं, ही तुला आहे, बैलाला नाही, घोड्याला नाही, शेळीलाही नाही. त्यांचा पुढचा पाय धडाला हाडानं जोडलेलाच नसतो. नुसत्या स्नायूंच्या झोळीत अख्खी छाती टांगलेली असते. खांद्याच्या त्या भागाला आपण फरा म्हणतो, आणि जनावरांच्या फऱ्या रोगाचं नाव त्यावरूनच पडलंय. मान मोजली, सात मणके. जिराफाची सात, उंदराची सात, उंटाची सात. नियम मोडणारे जगात मोजके, स्लॉथ आणि पाण्यात राहणारा मॅनेटी. बरगड्यांच्या जोड्या मात्र ज्याच्या त्याच्या. माणसाला १२, गाई-म्हशी-शेळीला १३, घोड्याला १८. डुकराचा भरवसा नाही, १४ पासून १६ पर्यंत काहीही. माणसातही शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी जणांना मानेच्या शेवटच्या मणक्यावर जादा बरगडी फुटते, आणि काहींना कमरेच्या पहिल्या मणक्यावर.

इथं एक जुना हिशेब चुकता करतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दत्तजयंतीला मी कितीतरी वर्षं ड्युटी केली. तिथं एक व्यापारी भेटायचाच. घोड्याच्या पाठीवर थाप मारून तो सांगणार, "अरबी रक्त आहे डॉक्टर, कमरेत एक मणका कमी!" आणि त्यावर वीस हजार वाढवणार. यात अर्धं खरं आहे. घोड्याच्या कमरेला सहसा सहा मणके असतात आणि काही अरबी घोड्यांत पाच सापडतात. पण सगळ्या अरबींत नाही, आणि दुसऱ्या घोड्यांतही अधूनमधून सापडतात. जिवंत घोड्याच्या पाठीवर थाप मारून ते मोजता येत नाहीत, मलाही नाही. शुभ मानला जाणारा केसांचा देवमण भोवरा निदान डोळ्यांनी दिसतो तरी!

पाचवा तारा का कापला, तेही सांगतो. पावलासाठी अर्धा. उरलेला अर्धा यासाठी की तात्यात ते एक भोक सोडलं तर वेगळं असं काही नाही. बाकी सगळा तो पुस्तकाच्या चित्रासारखा. कवटीचे सांधे पोलपाटासारखे गुळगुळीत. खऱ्या कवटीत त्या सांध्यांत कितीदा बारकी बेटं सापडतात, स्वतंत्र हाडकं. गुडघ्याच्या मागे काही नाही. आता माझ्या बायकोचा गुडघा घ्या. मागच्या वर्षी एक्स-रे काढला तर मागच्या बाजूला वाटाण्याएवढं हाड दिसलं. ती घाबरली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, फॅबेला, काही करायचं नाही. मी मनात हसलो, कारण कुत्र्याच्या प्रत्येक गुडघ्यामागे असली दोन असतात. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या लोकांनी जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून २०१९ साली सांगितलं की गेल्या शंभर वर्षांत माणसांत हे हाड सापडण्याचं प्रमाण साडेतीन पटींनी वाढलंय. माणसं उंच आणि वजनदार झाली, गुडघ्यावर जोर वाढला, असं त्यांचं म्हणणं. हे मी घरी बोललो, आणि 'वजनदार' या शब्दावरून दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.

आणि हाडांपलीकडचं तर प्लास्टिकमध्ये काहीच कळत नाही. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मधोमध एक दोरी उठून दिसते ना? शंभरातल्या चौदा-पंधरा जणांना ती दिसणार नाही, तो स्नायूच त्यांना नसतो. मूठ तरीही तेवढीच घट्ट. शस्त्रक्रिया करणारे दुसरीकडे जोडायला हीच दोरी काढून घेतात, कारण तिच्यावाचून अडत नाही. आमच्या घरात चहाच्या वेळी तपासणी झाली. माझ्या दोन्ही हातांना आहे, बायकोच्या दोन्ही हातांना आहे, पुतणीच्या फक्त डाव्या हाताला. दूध घालायला आलेल्या गवळ्याला दोन्हीकडे नाही. त्याला वाटलं मी आता इंजेक्शन देणार.

एक गोष्ट विकत घेणाऱ्यांसाठी. याच विक्रेत्याकडे ४५ आणि ८५ सेंमीचे छोटे सांगाडेही आहेत, दोन-तीन हजारांत. बीएएमएस, नर्सिंग, फिजिओथेरपीच्या पोरांनी ते घेऊ नयेत. त्यात भोकं नसतात, भोकांच्या जागी काळे ठिपके रंगवलेले असतात. कंबरेत एका मणक्याची गादी बाहेर आलेली, लाल रंगाची, हा दिखाऊपणा छोट्यांत आहे आणि तात्यातही आहे. कंबर दुखणारे आमचे सगळे पाहुणे तेवढंच बघतात आणि "माझंही असंच आहे" म्हणतात.

पुतणीला तात्याचा आणखी एक उपयोग झाला, मोजणीचा. आधुनिक पुस्तकात २०६, सुश्रुतात ३००, चरकात ३६०. पोरांना वाटतं जुन्यांना मोजता येत नव्हतं. आम्ही बसून लावून बघितलं. सुश्रुताचा हिशेब हातापायांत १२०, धडात ११७, मानेपासून वर ६३ असा आहे. दात हाडांत धरलेत, कूर्चाही धरल्यात. चरकानं नखंही धरली. काय हाड म्हणायचं, त्यावरच आकडा ठरतो. पोराचं शरीर धरलं तर अजून वेगळं, जन्मताना २७० च्या वर हाडं असतात आणि पुढे जुळत जातात. सुश्रुतानं पद्धतही लिहून ठेवलीय. प्रेत गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग कुंच्यानं थर थर घासून काढत बघायचं. हे वाचल्यावर बायको म्हणाली, पावणेनऊ हजार काही जास्त नाहीत.

आता खानदेशातल्या गिऱ्हाईकांसाठी खास सूचना, जी खोक्यावर कुठेही लिहिलेली नाही. एप्रिल लागला, जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला गेला, आणि माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत तात्या चार दिवसांत वाकला. बरगड्यांना छातीच्या हाडाशी जोडणारे पांढरे तुकडे मऊ पडून छाती खाली बसली. मणक्यांमधल्या गाद्यांचा गोंद सुटून पाठीला उजवीकडे बाक आला. दुपारी वर गेलो तर लू लागलेल्या माणसासारखा मान टाकून उभा. आमचं मागचं जुनं घर धाब्याचं आहे. मातीचं छत, जाड भिंती, आत भर उन्हाळ्यातही गारवा. तात्याला तिथं नेला, दोन दिवस खाटेवर सपाट निजवला, छातीखाली उशी दिली. बराचसा सरळ झाला. गाद्यांना मी स्वतः नवा गोंद मारला. तेव्हा स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या वरच्या खोलीत ठेवू नका. धाबं नसेल तर निदान कूलरच्या वाऱ्यात ठेवा. थंड मुलखात राहणाऱ्यांना याचं काही नाही.

निजवलेला होता तेव्हाच मी टेपनं त्याची हाडं मोजली. डावा दंड २९.४ सेंमी, उजवा ३१.२. एकाच माणसाच्या दोन हातांत थोडा फरक असतोच, उजवा सहसा काही मिलिमीटर मोठा. पण १८ मिलिमीटर हा थोडा फरक नव्हे. मॅडमना फोन लावून विचारलं. त्या म्हणाल्या, चांगले सांगाडे खऱ्या हाडांवरून साचा काढूनच करतात. डावा हात एकाचा आणि उजवा दुसऱ्याचा असू शकतो. डावा बारीक आहे, भोकवाला आहे, बाईचा असेल. कटीचं हाड तर पुरुषाचंच दिसतं, खालचा कोन अरुंद आहे.

फोन स्पीकरवर होता. बायको सांजोऱ्या लाटत होती, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया दुसऱ्या दिवशी. लाटणं थांबलं.

"मंग ह्या खरा माणूसच ना?"

मी म्हटलं, साचा खऱ्यांचा, माल प्लास्टिकचा.

ती काही बोलली नाही. संध्याकाळी बाजारातून घागरी आणायला मला पिटाळलं. दरवर्षी आमच्याकडे पितरांच्या दोन घागरी भरतात, माझ्या वडिलांची आणि आईची. या वेळी यादीत चार घागरी होत्या, चार डांगरं म्हणजे खरबुजं आणि आठ आंबे. मी विचारलं, चार कशाला?

"तुम्हीच सांगं ना, दोन जन शेतस."

मी घेऊन आलो. कुंभारानं चौथी घागर फुटकी दिली, ती बदलायला परत जावं लागलं.